दिलेली बाजू

स्टेजच्या मागचा पडदा दरवर्षी मीच रंगवायचो. शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणजे हक्काचा फुकट पेंटर, अशी आमच्या संस्थेची पक्की समजूत. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, स्पर्धेचा विषय होता ‘विविधता ही राष्ट्राची शक्ती आहे’. तेव्हा पडद्यावर भारताचा नकाशा आणि त्याभोवती हातात हात घालून उभी असलेली प्रांतोप्रांतीची माणसं, असं ठरलं. पगडीवाला सरदारजी काढला, लुंगीवाला तमिळ काढला, घागऱ्यातली राजस्थानी बाई आणि फेटा बांधलेला आपला मराठी माणूस काढला. बिहारपाशी येऊन मात्र ब्रश अडला. बिहारी माणसाचा पोशाख कोणता? आमच्या सातपुरात ही माणसं ढिगाने राहत होती, पण सगळी पँट-शर्टात. पँट-शर्टातला माणूस काढला असता तर तो आमच्या हेडसरांसारखा दिसला असता. शेवटी त्या जागी मी एक मोर काढला. काही चुकलंय असं कोणीच म्हणालं नाही.

स्पर्धा म्हणजे शहरातल्या मराठी शाळांची वादविवाद स्पर्धा. एका जुन्या वाचनालयाची मंडळी ती आमच्या शाळेच्या हॉलमध्ये भरवायची. प्रत्येक शाळेने दोन मुलं पाठवायची. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. मुलाचं स्वतःचं मत काय, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. बाजू बाई ठरवतात, भाषण बाई लिहितात, मुलाने ते पाठ करायचं आणि मनापासून बोलल्यासारखं बोलायचं. त्याला वेगळे गुण असतात. दोघांचे गुण मिळून ज्या शाळेचे जास्त, तिला फिरती ढाल. सलग तीन वर्षं जिंकली की ढाल फिरायची थांबते आणि कायमची त्या शाळेची होते.

आमच्या विमलाबाईंनी ती लागोपाठ दोनदा आणली होती. बाई मराठी शिकवायच्या. निवृत्ती जवळ आलेली, आणि जायच्या आधी ढाल भिंतीवर कायमची ठोकायची एवढी एकच इच्छा उरलेली. हेडसरांच्या खोलीत त्यांनी मागे लागून काचेचं कपाटसुद्धा करून घेतलं होतं. ढाल येईपर्यंत त्यात खडूची खोकी ठेवत.

ढाल आणणारी खरी गुंजा. गुंजा कुशवाहा, नववी ब. तिचा बाप रामआसरे अशोकनगरच्या गल्ल्यांतून हातगाडीवर भाजी विकायचा. मूळचा बलियाचा. बलिया उत्तर प्रदेशात येतं, पण आमच्याकडे भुसावळच्या पलीकडे सगळा बिहारच. पोरगी मात्र जन्मली नाशिकच्या सिव्हिलमध्ये, शिकली आमच्याच शाळेत. मैत्रिणींत ‘लय भारी’ म्हणायची, स्टेजवर चढली की अशी शुद्ध बोलायची की विमलाबाई स्टाफरूममध्ये सगळ्यांना दरडावायच्या, “तिचा ळ ऐका जरा, ळ! तुमच्या घरात आहे का असा ळ?” आमच्या घरात नव्हता, हे मान्य करावंच लागायचं.

तिचा जोडीदार भारत. आमच्या भागाचे नगरसेवक सोमनाथभाऊ यांचा मुलगा. भाऊ शाळेच्या संस्थेवरही होते, त्यामुळे भारत कबड्डीच्या संघात असायचा, समूहगीतात मधोमध उभा असायचा आणि वादविवादातही असायचा. यातलं त्याला काहीच येत नव्हतं आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. स्वभावाने गरीब पोरगा. डिसेंबरात बाईंनी बाजू वाटून दिल्या: गुंजा विविधतेच्या बाजूने, भारत विरुद्ध. बाहेरून आलेल्यांची मुलगी बाजूने बोलणार हे ओघानेच आलं. आणि भारत काय, कुठल्याही बाजूने बोलला तरी मध्येच विसरणार.

फेब्रुवारीत वारं फिरलं. परप्रांतीयांनी चालतं व्हावं, अशी हाळी मुंबईकडून आली आणि आमच्याकडे जरा जास्तच जोरात ऐकू आली. भाऊंच्या पक्षाची पोरं मोटरसायकलींवरून गल्लीबोळांत फिरू लागली. पाणीपुरीच्या गाड्या उलथल्या, पानाच्या टपऱ्या फुटल्या. नाशिकरोड स्टेशनवर बोचकी घेतलेल्या माणसांची रीघ लागली. एमआयडीसीत मशिनं होती, चालवणारे नव्हते, आणि मालक मंडळी आतल्या आत हात चोळत बाहेर मराठी अस्मितेला पाठिंबा देत होती.

रामआसरेची गाडी बाजाराच्या वळणावर उलथली. मेथीच्या जुड्या रस्त्यावर पसरल्या, त्यांच्यावरून एका पोराने मोटरसायकल नेली, वळवली आणि पुन्हा नेली. आम्ही शिक्षक राहायचो त्या कॉलनीतल्या बायकांनी ते गॅलरीतून पाहिलं. वाईट सगळ्यांनाच वाटलं. पण दोन दिवसांनी दारावर भाजी येईना तेव्हा जास्त वाटलं.

मखमलाबादची कुसाबाई, जिच्या मळ्यातून रामआसरे रोज पहाटे पालेभाजी उचलायचा, ती टेम्पो घेऊन थेट आमच्या कॉलनीच्या फाटकात येऊन उभी राहिली आणि तिने तोंड सोडलं.

“तुमच्या भांडणात माझी कोथमिर पिवळी पडली ना! भय्या हाय कुठं? लपवून ठिवला असंल तर काढा भाईर!”

“अहो मावशी, आम्ही कशाला लपवू? आणि मेथी कशी दिली?” विमलाबाईंनी पिशवी पुढे केली.

“शेकड्यानं. एक जुडी नाय मोडायची मी. जुडी मोडायला तो व्हता तुमचा.”

बाई रिकामी पिशवी घेऊन परत आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “या लोकांनी जायला नको असं नाही. पण निदान मार्चअखेरपर्यंत थांबायला हवं होतं.”

रामआसरे गेला नव्हता. खोलीला आतून कडी लावून बसला होता. शेजारच्या सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. बायको रोज निघू या म्हणायची. गुंजा नाही म्हणायची. बलिया तिने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा लग्नाला. तिथे मुलींची शाळा लांब होती आणि तिथल्या चुलत बहिणी तिला ‘मराठिन’ म्हणून हसायच्या. तिला नाशकात राहायचं होतं. नववी, मग दहावी, मग कॉलेज रोडवरचं एखादं कॉलेज, एवढं साधं मागणं होतं तिचं, आणि ते तिने विमलाबाईंना रडत रडत सांगितलं होतं. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “रडू नकोस. घसा बसेल.”

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सोमनाथभाऊ शाळेत आले. पडद्याचा नमुना दाखवायला मी हेडसरांच्या खोलीतच होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. भाऊंच्या हातात वर्तमानपत्र होतं. पक्ष समाजात फूट पाडतो आहे, असं काहीतरी त्यात आलं होतं आणि ते भाऊंना फार लागलं होतं.

“बाई, आमचं भारत कोणत्या बाजूनं बोलतंय?”

“विरुद्ध. म्हणजे विविधतेने देश दुबळा होतो, असं.”

भाऊंनी कपाळाला हात लावला. “आणि बक्षीस द्यायला मी! बाप रस्त्यावर बोंबलतो तेच पोरगं स्टेजवर बोंबलतंय, असं छापतील ना पेपरवाले. नाय नाय. भारत एकतेच्या बाजूनं बोलंल. गंगा-गोदावरी, सगळे भाऊ-भाऊ, ते सगळं. लय झकास फोटो येईल.”

“मग विरुद्ध कोण बोलणार?” बाईंनी विचारलं.

“ती पोरगी हाय ना तुमची.”

हेडसर खोकले. “भाऊ, ती कुशवाहा आहे.”

“मंग? हुशार हाय असं तुम्हीच सांगता.”

गुंजाला वर्गातून बोलावलं. ती दाराशी उभी राहिली. भाऊंनी तिला जवळ बोलावून, अगदी घरच्या मुलीशी बोलावं तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी बोलते. पण माझ्या पप्पांची गाडी पुन्हा लागेल का बाजारात?”

“तू ढाल आण. त्याच स्टेजवरून मी सगळ्यांच्या देखत सांगतो, ह्या माणसाला कोणी हात लावायचा नाय. आपल्या पोरांना माझा शब्द म्हणजे शब्द.”

“आणि नाही आणली तर?”

“आणायचीच ना मग!” भाऊ हसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडी उलथवणारी पोरं भाऊंची, आणि ती थांबवणारा शब्दही भाऊंचा. दोन्ही कामं एकाच खिडकीवर होतात अशी सोय मी तरी कुठल्या सरकारी कचेरीत पाहिलेली नाही.

गुंजाचं जुनं भाषण भारतला दिलं गेलं. गुंजासाठी बाईंनी नवं लिहिलं. त्यात सोव्हिएत रशिया फुटला होता, युगोस्लाव्हिया फुटला होता, आणि दोन संस्कृत वचनं होती. गुंजाने ते दोन दिवसांत पाठ केलं. घरी मात्र एवढंच सांगितलं की देशावर भाषण आहे, जिंकले तर आपल्याला जावं लागणार नाही, आणि या वेळी तुम्ही यायचंच. भाऊंनी नाव घेतलं की बाप समोर दिसायला हवा, असा तिचा हिशेब. रामआसरे आजवर तिच्या एकाही स्पर्धेला आला नव्हता. त्या वेळी धंदा असायचा. आता धंद्याचा काही अडसर उरला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी रविवार होता आणि हॉल गच्च भरला होता. कॉलनी लोटली होती, भाऊंची पोरं मागच्या भिंतीशी ओळीने उभी होती, आणि स्टेजवर माझा नकाशा मोरासकट झळकत होता. वेळ पाहायला आणि घंटा वाजवायला मला स्टेजच्या कोपऱ्यात बसवलं होतं. तिथून बोलणारेही दिसायचे आणि ऐकणारेही. रामआसरे आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, केसांना तेल लावून. भिंतीशी उभ्या पोरांना पाहून दाराशी जरा थबकला आणि शेवटच्या ओळीत अगदी कडेच्या खुर्चीवर बसला. रोज त्याच्याकडून कोथिंबीर फुकट मागून घेणाऱ्या कॉलनीतल्या छायाताई शेजारीच होत्या. त्यांनी पर्स मांडीवर घेतली.

या स्पर्धेचा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता. सांगायला हवा हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. मराठी माणूस वादविवाद स्पर्धा पोटातूनच शिकून येतो आणि बाकीची दुनियाही शिकून येत असेल, असं आपण धरून चालतो. रामआसरेच्या समजुतीप्रमाणे जो माणूस उभा राहून बोलतो तो आपल्या मनातलं बोलतो. एवढ्या निवडणुका पाहूनही त्याची ही समजूत शाबूत राहिली होती, याचं मला आजही नवल वाटतं.

भारत बोलायला उभा राहिला. “गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी या वेगवेगळ्या वाहत असल्या तरी,” इथपर्यंत छान आला आणि पुढचं विसरला. मग पुन्हा मागे जाऊन त्याने आणखी काही नद्या आठवून पाहिल्या. तापी, गिरणा, दारणा झाल्या. मी घंटा वाजवून त्याला मोकळं केलं. भाऊंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यांनी फोटो काढले. विमलाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. आता सगळं गुंजावर होतं.

ती आली तेव्हा शेवटच्या ओळीतून एकट्या रामआसरेने टाळ्या वाजवल्या. लोकांनी वळून पाहिलं, तसे त्याने हात मांडीवर ठेवले.

गुंजाने सुरुवात बाईंच्या भाषणानेच केली. पण तिच्याआधी निम्म्या शाळांचा तोच सोव्हिएत रशिया फोडून झाला होता. लोक पंखे पाहू लागले. परीक्षकांतले एक पाणी प्यायले. गुंजाच्या ते लक्षात आलं. हरत चाललेलं भाषण ओळखायला ती दोन वर्षांत शिकली होती. ती थांबली. विसरली असं वाटून बाईंनी खुर्चीतून पुढचं वाक्य ओठांनी सांगायला सुरुवात केली. पण गुंजा त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

“रशिया राहू द्या,” ती म्हणाली. “तो लांब आहे. मी तुम्हाला एका माणसाबद्दल सांगते. तो याच शहरात राहतो. त्याला इथे येऊन सोळा वर्षं झाली. इथे पूर आला, रामकुंड बुडालं, तरी तो फोनवर विचारतो तिकडच्या नदीचं. गंगापूर धरण भरलं का, हे त्याला माहीत नसतं. तिकडे पाऊस पडला का, हे रोज माहीत असतं. दिवाळी झाली की छठपूजेला तो गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, पण मनातून तिला गंगाच म्हणतो. त्याची मुलं इथे जन्मली. जेवताना ती मराठीत बोलली तर तो घास खाली ठेवतो. म्हणतो, घरात घरची भाषा.”

आता कोणी पंखे पाहत नव्हतं. पाणी पिणाऱ्या परीक्षकांनी पेला खाली ठेवला.

“त्याच्या पेटीत एक नवं धोतर आहे. म्हातारपणी गावी गेल्यावर नेसायचं म्हणून ठेवलंय. इथे नेसण्यासारखा एकही दिवस त्याला सोळा वर्षांत सापडला नाही. तो म्हणतो, ‘तुमच्या नाशकात थंडी फार.’ ‘तुमच्या नाशकात द्राक्षं चांगली.’ आमच्या नाशकात, असं एकदाही म्हणाला नाही. मी विचारते, अशा माणसांनी राष्ट्र मोठं होतं, की नुसती गर्दी होते? हा माणूस उद्या निघून गेला तर शहराचं काय कमी होईल? आणि खरं सांगायचं तर त्याचंही काही कमी होणार नाही. कारण तो इथे कधी आलाच नव्हता.”

असा टाळ्यांचा कडकडाट त्या हॉलने पूर्वी ऐकला नसेल. मागच्या भिंतीकडून शिट्ट्या आल्या. छायाताई पर्स बगलेत धरून टाळ्या वाजवत होत्या. माझे हात घड्याळात आणि घंटेत अडकले होते म्हणून माझ्या राहिल्या. त्यात माझा काही मोठेपणा नाही.

रामआसरे ‘आपलं नाशिक’ म्हणत नसे, हे खरं होतं. एकदा म्हणाला होता, विमलाबाईंच्या दारात. मी तेव्हा त्याच्या गाडीवरचे टोमॅटो निवडत होतो. “बाई, आपल्या नाशकात यंदा थंडी लवकर आली,” तो म्हणाला, आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, “आपलं? तुझं कधी झालं रे नाशिक?” तोही हसला होता. तेव्हापासून जपून बोलत असावा. पण असले मुद्दे वादविवादाच्या भाषणात बसत नाहीत.

मी शेवटच्या ओळीकडे पाहिलं. रामआसरे तसाच बसला होता, हात मांडीवर. छायाताई त्याच्याकडे वाकून कौतुकाने काहीतरी म्हणाल्या आणि त्याने मान हलवली. मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण पुढच्या स्पर्धकाची वेळ सुरू झाली होती.

निकाल लागला. गुंजा पहिली. भारतला उत्तेजनार्थ, कारण प्रमुख पाहुणे समोरच बसले होते. ढाल आमची, कायमची. परीक्षकांतले निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “कुमारी गुंजा जे बोलली ते पाठांतर नव्हतं, अनुभव होता.” त्या दिवशी स्टेजवरून निघालेलं हे एकमेव खरं वाक्य, आणि तेही त्यांना नकळत निघालं.

मग सोमनाथभाऊ माईकपाशी आले. शब्दाला जागले, हे कबूल केलं पाहिजे. “ही पोरगी आपली हाय,” ते म्हणाले. “हिला कोण बाहेरची म्हणंल? हिचा बाप इथं भाजी विकतो, कष्टाळू माणूस. आजपासून तो माझा भाऊ. त्याच्या गाडीला कोणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ हाय. कुठं हाय तो? या, वर या.”

रामआसरेला वर आणलं. मागच्या भिंतीशी उभी पोरंच हाताला धरून घेऊन आली. त्यातल्या एकाने तर त्याची चप्पलही बाजूला नीट ठेवली. भाऊंनी त्याला शाल पांघरली, नारळ दिला, गळ्यात हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या हातांनी तो माणूस निघून जावा म्हणून वाजवल्या होत्या त्याच हातांनी, आणि तेवढ्याच जोरात. तोच तो माणूस, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असतं तरी काही फरक पडला नसता असं मला वाटतं. फोटोत भाऊ, भारत, गुंजा, रामआसरे आणि मागे मोर असे सगळे आले.

गुंजा मात्र बापाच्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि तिचा रंग उतरला होता. ढाल जिंकण्याच्या भरात आपण काय केलं, हे तिला तिथे स्टेजवर कळलं.

खाली उतरल्यावर हॉलच्या बाहेर, स्कूटर लावतात तिथे, आम्ही चौघं उभे होतो. विमलाबाईंनी ढाल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. रामआसरेने हार काढला, शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि नारळासकट माझ्या हातात दिली.

“सर, भाऊंना परत द्या. आम्ही उद्या निघतो.”

“अरे, आता कशाला?” मी म्हणालो. “आता तर त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. आता तुला कोणी काही करणार नाही.”

“हो. आता कोणी काही करणार नाही.”

गुंजा त्याच्या हाताला लोंबकळली. “बाबूजी, ते खरं नव्हतं. मला तसं बोलायचं होतं म्हणून बोलले. तुमच्याबद्दल नव्हतं ते.”

“धोतर माझंच आहे ना, बेटा.” तो रागावला नव्हता. रागावला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “तू बरोबर बोललीस. लहान आहेस, पण तुला दिसलं. मला नाही दिसलं.”

तेव्हा कुठे विमलाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या एक पाऊल पुढे झाल्या. इतकी वर्षं ‘ए भैया’ म्हणून हाक मारली, त्या दिवशी पहिल्यांदा नावाने बोलल्या. “अहो रामआसरे, तुमचा गैरसमज होतोय. ही स्पर्धा असते. यात एकाने बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. गुंजाला विरुद्धची बाजू दिलेली होती. मीच दिली. तिचं ते मत नाही. ती फक्त दिलेली बाजू बोलली.”

रामआसरेने नीट ऐकून घेतलं. मराठी त्याला उत्तम कळायची. बोलताना तेवढा अडखळायचा.

“बाजू दिलेली होती,” तो म्हणाला.

“हो! तेच तर सांगतेय.”

“समजलं, बाई. पोरीला बाजू दिली होती.” त्याने हॉलच्या दाराकडे पाहिलं. लोक हसतबोलत बाहेर पडत होते, छायाताई लांबूनच त्याला हात करत होत्या. “मग ते टाळ्या वाजवत होते, त्यांना कोणी दिली होती?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात शाल आणि नारळ होता. तो गुंजाला घेऊन रिक्षा थांब्याकडे चालू लागला. ती मागे वळून वळून पाहत होती. तो एकदाही वळला नाही.